निसटलेला नट: वरुड भागातल्या एका पिकअपच्या स्टेअरिंगचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून माणसं, गाव, गाडीची कंपनी आणि सर्व्हिस सेंटर यांची नावं काढली आहेत, तारखाही थोड्या सैल ठेवल्या आहेत. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवत होतो. निवृत्तीनंतर गावाकडेच असतो. या प्रकरणात मी नुसता बघ्या नव्हतो. माझीही एक चूक यात आहे, ती तिच्या जागी येईल.

पार्श्वभूमी

वरुड तालुक्यातलं संत्र्याचं गाव. मालक पंचेचाळिशीचे, चार एकर संत्रा, थोडी कपाशी, बांधाला तूर. बागेवर भागेना म्हणून अडीच वर्षांपूर्वी फायनान्सवर नवी पिकअप घेतली. आंबिया बहर निघाला की काटोलमार्गे नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्री, उन्हाळ्याच्या तोंडावर मृगाचा माल, मधल्या काळात जिनिंगला कापूस, बाजार समितीत सोयाबीन, लग्नसराईत मंडपाचं सामान. गाडी ते स्वतः चालवतात, हंगामात जोडीला भाचा. भाचा बावीस वर्षांचा, परवाना पक्का, हात साफ.

गाडीच्या कागदावर वहनक्षमता १,३०० किलो. भरलेलं क्रेट साधारण २२ किलोचं, म्हणजे कायद्याने ५९ क्रेट. हंगामात आमच्याकडे ऐंशीच्या खाली गाडी निघत नाही, कारण भाडं क्रेटवर मिळतं आणि हप्ता महिन्यावर येतो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे प्रत्येक जण हाच मुद्दा आपापल्या सोयीने वापरणार आहे.

वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. प्रकरण घडलं तेव्हा गाडी ६४ हजारांवर होती.

अडचण

पोळा झाला आणि गाडी बोलू लागली. खड्ड्यातून जाताना पायाखाली खटखट. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग दोन बोटं हलवलं तरी चाकाला पत्ता नाही. भाचा म्हणाला, "मामा, स्टेरिंग मधात खाली लागून राह्यलं. हाती काही येतच नाही." खाली म्हणजे रिकामं. मामांनी स्वतः चालवून पाहिलं. त्यांनाही तसंच वाटलं.

सर्व्हिस सेंटर चाळीस किलोमीटरवर. तिथल्या सल्लागाराने गाडी आवारात एक चक्कर फिरवली आणि म्हणाला, "काका, या मॉडेलला एवढा प्ले असतोच." प्ले म्हणजे मोकळीक. जॉब कार्डवर त्याने लिहिलं 'जनरल चेकअप'. ग्रीस मारलं, टायरची हवा बघितली, बिल घेतलं. स्टेअरिंग हा शब्द त्या कागदावर कुठेही नाही. मालकांनी सही केली. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केली असती. काउंटरवर मागे सहा माणसं उभी असताना कागद वाचत बसणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दुसरी खेप. या वेळी गाडी लिफ्टवर घेतली. डाव्या टाय रॉड एंडचं, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाच्या जोडाचं, रबर फाटलेलं, आत चिखल आणि रेती, गोळा ढिला. तो बदलला. वॉरंटीत बसत नाही, झिजणारा भाग आहे, असं सांगून पैसे घेतले. जुना भाग परत दिला नाही, मालकांनी मागितलाही नाही. अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांची दिशा जुळवायचं, मशीन बंद होतं, म्हणून 'बाहेरून करून घ्या' असा तोंडी सल्ला मिळाला. तो मालकांनी पाळला, तालुक्याच्या टायरवाल्याकडे अलाइनमेंट करून घेतलं.

खटखट थोडी कमी झाली, गेली मात्र नाही. तोवर पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच मॉडेलचे व्हिडिओ फिरू लागले होते. स्टेअरिंग हलतंय, चाक हलत नाहीये, मागे कुणीतरी कंपनीला शिव्या देतोय. मालकांचं मत तिथेच पक्कं झालं: गाडीतच खोट आहे. एकदा हे मत झालं की माणूस शोधायचं थांबतो. आवाज झाला की 'तो कंपनीचा आवाज' म्हणून पुढे जातो.

आता माझी चूक. दुसऱ्या खेपेनंतर दोनच दिवसांनी कोजागरी होती. त्यांच्याच अंगणात मसाला दूध, गाडी बाजूला उभी. मालकांनी विचारलं, "सर, आवाज राह्यलाच न. काय असंल?" मी पांढरा पायजमा घातलेला. दुधाचा पेला हातात. म्हणालो, "परत सेंटरला दाखवा, लेखी तक्रार द्या." सल्ला चुकीचा नव्हता. पण चाक डावीकडे पूर्ण वळवून मोबाइलचा उजेड आत मारला असता तर मला अर्ध्या मिनिटात ते दिसलं असतं. तीस वर्षं पोरांना 'आधी खाली वाक, मग बोल' असं शिकवलं, आणि त्या रात्री मी वाकलो नाही.

माल भरायच्या आदल्या संध्याकाळी

दिवाळी आटोपली होती. सेंटरच्या कामाला बावीस दिवस झालेले. बागेतला माल तोडून सावलीत पडलेला. संध्याकाळी भाचा रिकामी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, आज डाव्या चाकातून येगळाच आवाज येऊन राह्यला. कट-कट. पयले असा नव्हता."

या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतं ते हे वाक्य. पोराने फरक बरोबर ओळखला होता. जुना आवाज खटखट, पायाखालून. नवा आवाज चाकापाशी, वळताना. पण घरात दोन महिने एकाच आवाजाची चर्चा चालू होती, म्हणून नवा आवाज जुन्यातच जमा झाला.

पर्याय तीन होते. शेजाऱ्याचा टेम्पो भाड्याने घेणे, म्हणजे त्या खेपेचं निम्मं भाडं गेलं. निम्मे क्रेट भरून दोन खेपा करणे, म्हणजे डिझेल दुप्पट आणि दुसऱ्या खेपेला बाजार बसलेला. किंवा एक दिवस थांबून गाडी उघडून पाहणे. मालकांनी व्यापाऱ्याला फोन करून थांबायचं विचारलं. त्याचं उत्तर गावात अजून सांगतात: "माल तोडला न भाऊ, आता काय झाडाले परत चिकटवू?"

८४ क्रेट भरले. धर्मकाट्याची पावती १,८४० किलोची. कागदापेक्षा ५४० किलो जास्त. केबिनमध्ये भाचा आणि एक हमाल, दुसरा हमाल मागे क्रेटवर.

घटना

पहाटे पावणेपाच. गावापासून चारेक किलोमीटरवर शाळेसमोर गतिरोधक आहे. गाडी हळू झाली, गतिरोधक ओलांडला, भाच्याने तिसरा गिअर टाकला आणि कट्ट झालं. भाच्याने उजवीकडे स्टेअरिंग मारलं. उजवं चाक वळलं, डावं बाहेर फाकलं. गाडी डावीकडे ओढली गेली, नालीत उतरली आणि तुरीच्या वावरात अर्धवट कलंडली. वेग फार तर तीसचा. वरचा हमाल फेकला गेला, कोपराखाली हाड मोडलं, पुढे प्लेट टाकावी लागली. बाकी दोघांना खरचटलं.

तासाभराने तीच गाडी काटोल-नागपूर रस्त्यावर साठच्या वेगाने असती. हे वाक्य त्या सकाळी प्रत्येक जण बोलत होता, म्हणून लिहिलं.

पहिल्या दोन तासांतले निर्णय

जखमीला ग्रामीण रुग्णालयात नेलं, ते लगेच झालं, बरोबर झालं. त्यानंतर मालकांनी सेंटरला फोन लावला. तिकडून एकदम गोड उत्तर: "काका, काळजी करू नका, क्रेन पाठवतो, गाडी उचलून आणतो, वॉरंटीत बघू." सेंटरचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण ज्याने शेवटचा नट आवळला त्याच्याच शेडमध्ये ती गाडी उघडली जाणार होती. मी साडेसहाला पोचलो तेव्हा क्रेन निघालेली होती. मालकांना म्हणालो, "क्रेन येऊ द्या, पण पोलीस आणि विम्याचा सर्व्हेअर येईस्तोवर गाडीला हात लागणार नाही." त्यांना पटायला दहा मिनिटं लागली. फुकटची क्रेन परत पाठवणं जिवावर येतं.

मग मी खाली वाकलो.

डावा टाय रॉड एंड नकलमधून, म्हणजे चाकाला धरून वळणाऱ्या लोखंडी भागातून, बाहेर येऊन लोंबत होता. ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी: टाय रॉडच्या टोकाला एक गोळा आणि त्यातून निघालेला निमुळता दांडा असतो. तो दांडा चाकाच्या नकलमधल्या तसल्याच निमुळत्या भोकात घट्ट बसतो. वरून मुकुटासारखा खाचा असलेला नट, ज्याला कॅसल नट म्हणतात. नटाच्या खाचेतून आणि दांड्याच्या आडव्या भोकातून स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवायची. पिन असेपर्यंत नट फिरू शकत नाही. पिन नसेल तर खड्ड्यागणिक नट सुटत जातो. यात दगा असा की नट गेला तरी निमुळता दांडा पकडीवर काही दिवस तग धरतो. गाडी चालते, वळते, कुणाला शंका येत नाही. आणि एक दिवस गतिरोधकावर दणका बसतो.

दांडा धडधाकट होता. आटे शाबूत. निमुळत्या भागावर चकचकीत घासल्याचा पट्टा आणि तांबूस भुकटी, म्हणजे तो काही दिवस भोकात हलत होता. पिनचं आडवं भोक स्वच्छ, आत तुटक्या पिनचा तुकडा नाही, कडेला ओरखडा नाही. नट जागेवर नव्हता.

गावातल्या दोन पोरांनी जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधलं आणि रस्त्याच्या कडेने ओढत निघाले. खिळे, बाटल्यांची झाकणं, नालीतला बैलाचा जुना नाल. गतिरोधकाच्या अलीकडे साठेक पावलांवर नट चिकटला. पोरगं तो मुठीत धरून धावत आलं, तळहात उघडला. आतले आटे नव्यासारखे. आटे सोलून निघालेला नट तसा दिसत नाही, हा फिरत-फिरत सुटला होता.

इथेही एक चूक झाली. नट जिथे सापडला तिथे ठेवून फोटो काढायला हवा होता, पंचनाम्यात घ्यायला हवा होता. पोराने उचलला आणि त्या नटाची साक्ष अर्धी झाली. नंतर सेंटरच्या माणसाने विचारलंच, "हा नट याच गाडीचा कशावरून?"

स्टेअरिंगच्या दांड्याखालचा जोड, ज्याला क्रॉस म्हणतात, तोही हाताने हलवून पाहिला. त्यात प्ले होता. दोन महिन्यांपासूनची खटखट, 'मधात खाली' लागणं हे त्याचं काम. म्हणजे गाडीत दोन दुखणी होती आणि एक दुसऱ्याला झाकत होतं. आवाज क्रॉसचा म्हणून सगळे निश्चिंत, आणि खाली बिनपिनचा नट सुटत चाललेला.

जबाबदारी कुणाची

त्या दिवशी वावरात उभं राहून चार मतं ऐकली. मालक: कंपनीची खोट. सेंटर: ओव्हरलोड. पोलीस: ड्रायव्हर पहाटे डुलकीत असेल. गावकरी: रस्ता.

मोटार वाहन नियमांत स्टेअरिंगबद्दलचा ९८ वा नियम आहे. स्टेअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळीक नको, असं तो सांगतो. अडतीस-चाळीस सेंटिमीटरच्या व्हीलवर ३० अंश म्हणजे कडेला जवळपास दहा सेंटिमीटर, चांगली चार-पाच बोटं. त्यामुळे 'दोन बोटं प्ले असतोच' हे सल्लागाराचं म्हणणं नियमाच्या मोजपट्टीत बसत होतं. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की बॉल जॉइंटवर रबराची टोपी असली पाहिजे आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना पक्क्या अडकवलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे प्लेच्या बोटांवर वाद घालण्यात आपले दोन महिने गेले आणि खरी गोष्ट दुसऱ्याच वाक्यात होती.

ओव्हरलोडचा मुद्दा मी टाळला नाही. ५४० किलो जादा वजनाने गोळा लवकर झिजतो, रबर फाटतं, क्रॉसवर ताण येतो, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. हे सगळं मालकांच्या खात्यावर. पण पिन घातलेला नट वजनाने उलगडत नाही. वजनाने पिन कापली गेली असती तर तिचे तुकडे किंवा खुणा भोकात राहिल्या असत्या. पिन बसवलीच नव्हती, हा निष्कर्ष मला सर्वांत सरळ वाटला.

सेंटरने मग टायरवाल्याकडे बोट दाखवलं: अलाइनमेंट करताना त्याने नट उघडला असेल. अलाइनमेंटला टाय रॉडवरचा लॉक नट सैल करून रॉड फिरवतात, कॅसल नटाला हात लावायचं कारण नसतं. टायरवाल्याने हेच तोंडी सांगितलं. कागदावर लिहून द्यायला मात्र तयार नव्हता. त्याचं निम्मं काम त्याच सेंटरकडून येतं. त्याच्यावर जबरदस्ती केली नाही.

समोरचे मार्ग आणि काय निवडलं

भाच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली गुन्हा नोंदला गेला. हलगर्जीने गाडी चालवून दुखापत. मालक त्याने हादरले, गाडी बाजूला राहिली. इथे एक गोष्ट कामाला आली: अपघातातल्या गाडीची तपासणी आरटीओच्या निरीक्षकाकडून होते, मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ त्यासाठीच आहे. निरीक्षक येईपर्यंत गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात चार दिवस पडून राहिली. मालक रोज म्हणायचे, "सर, हंगाम चालला." पण निरीक्षकाच्या अहवालात 'डावा टाय रॉड एंड नकलपासून सुटलेला, ब्रेक कार्यरत' अशी ओळ आली. भाच्याच्या वकिलाच्या हातात आज तेवढा एकच कागद वजनाचा आहे.

दुरुस्तीला गाडी त्या सेंटरला न देता जिल्ह्याच्या दुसऱ्या अधिकृत सेंटरला नेली. सुटलेला भाग सर्व्हेअरच्या समोर काढला, पिशवीत घालून वर सह्या घेतल्या. नवा भाग बसवून जुना मागून घेतला.

नुकसानभरपाईसाठी काय काय करता येईल, यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. व्हिडिओ करून व्हायरल करायचा, हा भाच्याचा आणि त्याच्या मित्रांचा हट्ट. मी नको म्हणालो. व्हिडिओत माणूस 'कंपनीची खोट' असं ओरडतो आणि नंतर पिनचा मुद्दा मांडायला गेला की समोरचा तोच व्हिडिओ पुढे करतो. शिवाय मागे क्रेटवर बसलेल्या हमालाचं काय, हा प्रश्न पहिल्या दहा कॉमेंटमध्येच आला असता.

ग्राहक आयोगात जायचं तर पहिली अडचण 'व्यावसायिक वापर'. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, पण स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात धरतात. एकच गाडी, मालक स्वतः चालवतो, हे आमच्या बाजूचं. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. हे कळल्यावर मालकांच्या चेहऱ्यावरचा निम्मा ताण उतरला. त्यांना वाटत होतं की नागपूरला वकील लावावा लागेल.

मी मालकांना एकाच गोष्टीवर अडवून धरलं. तक्रारीचे तुकडे करा. पिन नाही, ही सेवेतली कसूर, ती सेंटरवर. क्रॉसचा प्ले, हा भागातला संभाव्य दोष, तो कंपनीवर. जादा वजन आपलं, त्याबद्दल ओरड नाही. 'गाडीत खोट आहे' एवढंच लिहिलं असतं तर कंपनीने 'ओव्हरलोड' एवढंच लिहून पाठवलं असतं, आणि दोन शब्दांची कुस्ती चालू राहिली असती. मालकांना हे पटलं नव्हतं. शेवटपर्यंत पूर्ण पटलं असं मला वाटत नाही. "सर, तुमी अर्धा दोष माह्यावर टाकून राह्यले," असं ते एकदा चिडून म्हणालेही.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग सेंटर आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने नोटीस. सोबत दुसऱ्या खेपेच्या जॉब कार्डची प्रत (त्यावर 'टाय रॉड एंड डावा बदलला' हे स्वच्छ लिहिलं होतं, आमचं नशीब), फोटो, निरीक्षकाचा अहवाल, धर्मकाट्याची पावती. पावती लावू नका असा सल्ला दोघांनी दिला होता. लावली. सर्व्हेअरकडे ती आधीच गेली होती, लपवून मिळालं असतं ते फक्त खोटेपण.

क्रॉससाठी तिसरा रस्ता. कंपनीला गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ ने मिळाला, तो १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. त्यासाठी वाहनमालकांना सरकारी पोर्टलवर दोषाची नोंद करता येते, गाडी सात वर्षांच्या आतली हवी. एका मॉडेलबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की पुढची तपासणी होते. त्याआधी २०१२ पासून वाहन उद्योगाच्या संघटनेची ऐच्छिक रिकॉलची पद्धत होती, ती कंपनीच्या मर्जीवर.

व्हॉट्सॲपवरचे दोनशे संतापलेले व्हॉइस मेसेज या पोर्टलच्या हिशोबात शून्य असतात. तालुक्यात याच मॉडेलच्या आणखी पाच गाड्या शोधल्या. तिघांच्या क्रॉसमध्ये प्ले होता. नोंद दोघांनीच केली. तिसरा म्हणाला, "गाडी विकायची हाय, कायले नाव लावू?" हेही समजण्यासारखं आहे. अमेरिकेत २०१५ साली फियाट-क्रायस्लर कंपनीला २३ रिकॉलमधल्या दिरंगाईबद्दल १०.५ कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला आणि काही राम पिकअप मालकांकडून परत विकत घेण्याची तयारीही दाखवावी लागली. तिथल्या यंत्रणेच्या हाती नोंदवलेल्या तक्रारींचा ढीग होता. आपल्याकडे ढीग चहाच्या टपरीवर असतो.

निष्पत्ती

नोटिशीनंतर तिसऱ्या आठवड्यात सेंटरने बैठकीला बोलावलं. कसूर मान्य नाही, पण 'ग्राहकसंबंध म्हणून' २५ हजार देतो आणि क्रॉस वॉरंटीत बदलून देतो, असा प्रस्ताव. टाइप केलेल्या कागदात शेवटी एक ओळ: ग्राहक यापुढे कोणत्याही ठिकाणी कोणतीही तक्रार करणार नाही. मालक सही करायला निघाले होते. ती ओळ खोडून 'टाय रॉडच्या दुरुस्तीपुरता हा समझोता' असं लिहून घेतलं. व्यवस्थापक दहा मिनिटं आत जाऊन आला आणि तयार झाला. पोर्टलवरची नोंद त्यामुळे वाचली.

आयोगात जाऊन जास्त मिळालं असतं का? कदाचित. पण तारखा धरायला मालकांकडे माणूस नव्हता आणि भाचा आधीच एका कोर्टाच्या चकरा मारत होता. समझोत्याचा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही, रक्कम कमी वाटते.

दुरुस्ती ७२ हजारांची झाली. विमा कंपनीने यांत्रिक बिघाड म्हणून टाय रॉडचा खर्च वगळला, कलंडल्याने झालेलं नुकसान धरलं, घसारा कापला आणि जादा वजनाबद्दल उरलेल्यातून चौथा हिस्सा कापला. हाती आले ४१ हजार. सेंटरचे २५ धरून सहा हजार घरचे. हिशोब इथवर बरा दिसतो. भर हंगामातले एकोणीस दिवस गाडी उभी होती ते यात नाहीत. ८४ क्रेटांपैकी निम्मी संत्री ठेचली गेली ती यात नाहीत.

हमालाचं यात काहीच नाही. मालावर बसलेला म्हणून विमा कंपनीने त्याच्याबद्दल हात वर केले. ऑपरेशनचे ४६ हजार मालकांनी भरले, त्यातले वीस सोसायटीतून उचलून. सहा आठवडे घरी धान्य पोचवलं. हमालाने तक्रार केली नाही. त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे तो आता क्रेट चढवत नाही, बागेत तोडणीवर निवडायला बसतो, आणि निवडणाऱ्याची मजुरी हमालीपेक्षा कमी असते.

भाच्याचा खटला चालू आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिल्या खेपेला जॉब कार्डवर 'स्टेअरिंगमध्ये प्ले, खटखट' हे शब्द लिहून घेता आले असते. सल्लागाराला काय लिहायचं ते गिऱ्हाईक सांगू शकतो, तो रकाना गिऱ्हाइकाच्या बोलण्यासाठीच असतो. ते लिहिलं असतं तर क्रॉसचा दोष वॉरंटीत सप्टेंबरमध्येच निघाला असता, पायाखालची खटखट थांबली असती, आणि भाच्याला ऐकू आलेला नवा आवाज घरात एकटाच ऐकू आला असता.

दुसऱ्या खेपेनंतर घरी तपासणी करता आली असती. दोन माणसं लागतात. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग डावी-उजवी थोडं-थोडं हलवायचं, दुसऱ्याने बाहेर वाकून प्रत्येक जोडावर बघायचं की कोणता भाग आधी हलतो आणि कोणता उशिरा. मग इंजिन बंद, चाक जॅकवर उचलून खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावून, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हिसका द्यायचा: प्ले असेल तर बहुतेक टाय रॉडचा. बारा आणि सहाला हिसका दिला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. आणि प्रत्येक कॅसल नटात पिन आहे का, ते डोळ्यांनी बघायचं. रेड्याच्या शिंगांसारखी दोन टोकं वाकलेली दिसतात.

आदल्या संध्याकाळी, माझ्या मते, खरा प्रश्न गाडी काढायची की नाही हा नव्हताच. फोन करायचा होता व्यापाऱ्याला नाही, मेकॅनिकला. पण हे मी आता म्हणतो. झाडावरून माल उतरलेला असताना मी काय केलं असतं, ते मला माहीत आहे असं सांगत नाही.

मालक आता साठ क्रेट भरतात. त्या व्यापाऱ्याने काम दुसऱ्या गाडीला दिलं, ती गाडी नव्वद भरते. पोर्टलवर केलेल्या तीन नोंदींवर अजून 'प्राप्त' एवढंच दिसतं. भाचा सकाळी गाडी काढण्याआधी चाक वळवतो आणि उकिडवा बसतो. मागच्या आठवड्यात मी तिकडून जात होतो तर म्हणाला, "सर, या न, तुमी पण पाहून घ्या." मी बसलो.